नदीकाठचे शेजारी



आपण रोज नदीवर जातो. कोणी धुणे धुवायला जातो, कोणी गुरे पाजायला, कोणी पंप चालू करायला. नदी आपल्या पायाखालची आहे. पण त्याच काठावर रोज पहाटे आणखी काही मंडळी कामाला येतात. त्यांच्याकडे आपले लक्ष जात नाही. ती मंडळी म्हणजे काठावरचे पक्षी.

पांढरा दिसला की आपण म्हणतो बगळा. काळा दिसला की पाणकावळा. ओरडली की टिटवी. एवढ्यावर आपली ओळख संपते. शेजाऱ्याचे नाव नुसते ठाऊक असून भागत नाही. तो करतो काय, खातो काय, त्याची मुलेबाळे कुठे आहेत, हेही ठाऊक असावे. तसेच या शेजाऱ्यांचे आहे. चला, आज त्यांची नीट ओळख करून घेऊ.

पाण्याकाठची पंगत

लग्नाच्या पंगतीत ज्याचा त्याचा पाट मांडलेला असतो. नदीकाठीही तसेच आहे. फक्त तिथे पाट मांडतात ते पाय.

ओल्या चिखलाच्या कडेला बुटक्या पायांचे पक्षी असतात. इवलासा चिलखा तिथे तुरुतुरु धावतो, थांबतो, टिपतो, पुन्हा धावतो. शेपटी खालीवर हलवणारा धोबी तिथेच असतो. त्याला कोणी परीट म्हणतात. घोटाभर पाण्यात शेकाट्या उभा असतो. अंग पांढरे, पंख काळे आणि पाय लांबलचक, गुलाबी. काटक्यांवर उभा केल्यासारखा दिसतो. त्याहून खोल पाण्यात मोठे बगळे आणि करकोचे उभे राहतात. त्यापुढे पाय पोचत नाहीत. तिथे बदके पोहतात आणि पाणकावळे बुड्या मारतात.

म्हणजे ज्याचे पाय जेवढे लांब, तेवढ्या पाण्यात त्याचे ताट. त्यामुळे एकाच काठावर दहा जातींचे पक्षी जेवतात आणि फारसे भांडण होत नाही.

एक गंमत पाहा. बगळ्याचा गुडघा उलटा वाकतो असे आपल्याला वाटते. तो गुडघा नव्हेच. तो त्याचा घोटा आहे. खरा गुडघा वर, पोटाजवळ पिसांत झाकलेला असतो. बगळा सारा जन्म चवड्यांवर चालतो म्हणा ना!

चोच म्हणजे अवजार

सुताराच्या पेटीत वाकस, रंधा, पटाशी असते. एकाच अवजाराने सगळी कामे होत नाहीत. पक्ष्याला हात नाहीत. त्याचे अवजार म्हणजे चोच. चोच पाहिली की त्याचा धंदा कळतो.

बगळ्याची चोच भाल्यासारखी. तो निश्चल उभा राहतो. मासा टप्प्यात आला की मान सटकन पुढे जाते. त्याचे काम डोळ्यांवर चालते.

लहान बगळ्याची चोच काळी, पाय काळे, पण पंजे पिवळे असतात. तो पाय हलवून चिखल ढवळतो. दडलेला जीव बाहेर पळाला की टिपतो.

शराटीची चोच कोयत्यासारखी खाली वाकलेली. ती चिखलात आणि नांगरलेल्या रानात खुपसून शराटी किडे व अळ्या काढते. म्हणून काही ठिकाणी तिला कुदळ्या म्हणतात.

पाणलावा आपली लांब सरळ चोच मुळापर्यंत चिखलात रोवतो. तिच्या टोकाला स्पर्श कळतो. आत गांडूळ लागले की चोचीचे नुसते टोक उघडते आणि गांडूळ धरले जाते. अंधारात पिशवीत हात घालून आपण सुपारी शोधतो, तसे हे आहे.

चमच्या नावाच्या पक्ष्याची चोच टोकाला चपटी, भाताच्या पळीसारखी. तो पाण्यात चोच किंचित उघडी ठेवतो. गवत कापताना विळा फिरवावा तशी ती इकडून तिकडे फिरवतो. मधे काही लागले की मिटतो.

चित्रबलाक हा रंगीत करकोचा. त्याची तऱ्हाही अशीच. गढूळ पाण्यात दिसत नाही, म्हणून तो उघडी चोच पाण्यात धरून चालतो. माशाचा स्पर्श झाला की क्षणात चोच बंद!

मुग्धबलाकाची चोच मिटली तरी मधे फट राहते. अडकित्ता अर्धवट मिटावा तशी. हा पक्षी शंखातल्या गोगलगाई काढून खातो. पिल्लांना अशी फट नसते. वय वाढेल तशी ती पडते.

आणि रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. याच्या चोचीत चाळणी आहे. तो डोके उलटे करून चोच पाण्यात बुडवतो. जिभेने पाणी आत ओढतो आणि बाहेर लोटतो. बारीक जीव व शेवाळ आत अडकते. त्याचा गुलाबी रंगही या खाण्यातूनच येतो. त्याची पिल्ले राखाडी असतात. खाता खाता वर्षांनी ती गुलाबी होतात.

घरचे आणि पाहुणे

काठावरचे काही पक्षी बारमाही आपल्या गावचे. टिटवी, ढोकरी, खंड्या, शेकाट्या, नदी सुरय ही घरची मंडळी. ढोकरी म्हणजे काठावर बसलेला मातकट बगळा. बसला की मातीत मिसळून जातो. उडाला की पंख पांढरेशुभ्र! पाय पडेपर्यंत तो दिसत नाही.

दुसरे पक्षी पाहुणे. पावसाळा सरता सरता ते येऊ लागतात. थंडीभर राहतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत जातात. ते तिबेट, लडाख, मंगोलिया, सायबेरिया अशा थंड मुलखांतून येतात. तिकडे हिवाळ्यात जमीन गोठते आणि तळ्यांवर बर्फाचे झाकण बसते. चिखलात चोच शिरत नाही. मग खाणार काय? म्हणून हा एवढा प्रवास.

पट्टकादंब हा त्यांतला मोठा पाहुणा. हा राखाडी हंस. डोक्यावर दोन काळे पट्टे. ही त्याची खूण. तो हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. चक्रवाक हा नारिंगी रंगाचा. त्याची जोडी रात्री नदीच्या दोन तीरांवर ताटातूट होऊन रडते, अशी जुनी कथा तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. कथा ती कथा. पण चक्रवाक खरा आहे आणि तो हिवाळ्यात भीमेवर व गोदावरीवर दिसतो.

हे पक्षी किती दूर उडतात, याचा एक दाखला देतो. २०२२ साली शास्त्रज्ञांनी लांब चोचीच्या एका काठपक्ष्याच्या अंगावर छोटे यंत्र बसवले. हा पक्षी अमेरिका खंडाच्या उत्तरेकडील अलास्काहून निघाला आणि ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावर उतरला. अंतर १३,५६० किलोमीटर. दिवस ११. वाटेत समुद्र. खाणे नाही, पाणी नाही, टेकणे नाही. आणि तो पक्षी केवळ पाच महिन्यांचा होता! याच जातीचे पक्षी थंडीत आपल्या कोकण किनाऱ्यावरही येतात.

निघण्यापूर्वी असे पक्षी खूप खातात आणि अंगात चरबी साठवतात. ही चरबी म्हणजे त्यांची शिदोरी. म्हणून काठावर चरणाऱ्या पक्ष्याला उगीच उडवू नये. त्याच्या शिदोरीतला घास त्यात खर्च होतो.

भीमेचा फुगवटा

आता एक खरी जागा पाहू. सोलापूर जिल्ह्यात भीमा नदीवर उजनी धरण आहे. ते १९८० साली पुरे झाले. त्याच्या पाण्याला यशवंतसागर म्हणतात. फुगवटा पुणे जिल्ह्यात इंदापूर आणि दौंड तालुक्यांपर्यंत पसरला आहे. या पाण्यात गावे गेली, जमिनी गेल्या. पळसदेवचे जुने देऊळ पाण्यात गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की ते वर येते. ज्यांची घरे गेली त्यांना ते दुःख ठाऊक आहे. ते आम्ही लहान करून सांगत नाही.

पण त्याच पाण्याच्या कडेला, भिगवण आणि कुंभारगाव भागात, दर वर्षी हजारो पक्षी येऊ लागले. रोहित पक्ष्यांचे थवे इथे उतरतात. कच्छच्या रणात त्यांची मोठी वसाहत आहे. तिथे ते चिखलाची घरटी करतात.

रोहित दर वर्षी एकाच वेळी येत नाहीत. असे का? उत्तर पाण्याच्या पातळीत आहे. पावसाळ्यानंतर धरण भरलेले असते. काठावर खोल पाणी असते. पुढे शेतीला पाणी सुटते आणि पातळी उतरते. मग उथळ पाणी व ओला चिखल उघडा पडतो. पंगतीचे पाट तेव्हा मांडले जातात. पाणी उशिरा उतरले की रोहितही उशिरा येतात.

नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वर इथेही असेच झाले. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीत बंधारा बांधला. वर्षानुवर्षे गाळ साचला. उथळ पाणी, बेटे आणि लव्हाळे तयार झाले. ज्या गाळाला इंजिनिअर नावे ठेवतात, त्याच गाळावर पक्ष्यांचे पोट भरले. २०२० साली या जागेला जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत मान मिळाला. महाराष्ट्रातली ही त्या यादीतली पहिली जागा.

समुद्रकाठचे घड्याळ

आता कोकणातल्या वाचकांसाठी थोडे. खाडीवर आणि समुद्रकाठी पक्ष्यांचे घड्याळ सूर्यावर चालत नाही. ते भरती-ओहोटीवर चालते. ओहोटी लागली की चिखल उघडा पडतो. पक्षी पसरतात आणि चरतात. मध्यरात्र असली तरी चरतात. भरती आली की ते उंच जागी, वाळूवर किंवा खडकावर दाटीने उभे राहतात आणि विसावा घेतात.

भरती केव्हा येणार? आमच्या कोळी बांधवांचा यावर जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करा. जो आकडा येईल, त्या सुमाराला पूर्ण भरती.

उदाहरणे पाहा. चतुर्थी म्हणजे ४. चाराची पाऊणपट ३. म्हणून भरती तीन वाजता. अष्टमी म्हणजे ८. आठाची पाऊणपट ६. भरती सहा वाजता. एकादशी म्हणजे ११. पाऊणपट सव्वाआठ. भरती सव्वाआठला. शुद्ध पक्ष असो की वद्य पक्ष, हिशेब तोच. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पुरी होते. भरती रोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जमतो. जागेप्रमाणे थोडा फरक पडतो. तो आपापल्या बंदरावर पाहून घ्यावा.

पक्षी जवळून पाहायचे तर पूर्ण ओहोटीला जाऊ नये. तेव्हा ते फार दूर पाण्याच्या कडेला असतात. पाणी चढू लागले की जावे आणि एका जागी बसावे. पाणीच पक्ष्यांना हळूहळू तुमच्याकडे आणते.

मुंबईजवळ ठाण्याच्या खाडीत लाखो माणसांच्या वस्तीशेजारी रोहितांचे थवे उतरतात. २०१५ साली तिथे त्यांच्यासाठी अभयारण्य जाहीर झाले. खाडीकाठची कांदळवने, म्हणजे तिवरांची रानेही त्यात आली. तिवरांच्या मुळांत मासोळी व कोळंबी वाढते. लाटांचा मारही ती झेलतात. म्हणून ती तोडू नयेत.

वाळूतली अंडी

आता मन लावून वाचा. इथे मुख्य गोष्ट आहे.

आपण पक्ष्याचे घरटे झाडावर शोधतो. पण काठावरच्या कित्येक पक्ष्यांना झाड लागत नाही. टिटवी उघड्या जमिनीवर चार अंडी घालते. चिलखा गोट्यांत घालतो. नदी सुरय नदीतल्या वाळूच्या बेटावर अंडी घालते. सुरय म्हणजे डोक्यावर काळी टोपी, चोच पिवळी आणि शेपटी दुभंगलेली. पाण्यावर तरंगत उडते आणि सूर मारून मासा धरते.

ही अंडी मातकट आणि ठिपकेदार असतात. वाळूत अशी मिसळतात की पायाशी असली तरी दिसत नाहीत. कोल्ह्या-कुत्र्यांपासून ती यामुळे वाचतात. पण ट्रॅक्टरच्या चाकाला डोळे नसतात.

अंड्यांचा हंगाम कोणता? बहुतेक मार्च ते मे. आणि वाळू उपसण्याचा हंगामही तोच! नदी आटलेली असते. बेटे उघडी पडतात. गाड्या खाली उतरतात. एका सकाळी साऱ्या बेटाची वीण चिरडली जाते. कोणाला पत्ताही लागत नाही. पूर्वी भारतातल्या मोठ्या नद्यांवर नदी सुरय पुष्कळ दिसे. आता जगात ज्या पक्ष्यांची चिंता करावी, त्यांच्या यादीत तिचे नाव आहे.

भर उन्हात वाळू तापते. तेव्हा टिटवी काय करते? ती पाण्यात जाऊन पोटाची पिसे भिजवते आणि येऊन अंड्यांवर बसते. अंडी गार राहतात. दिवसातून कित्येकदा ती ही खेप करते. ज्या टिटवीला आपण अपशकुनी म्हणतो, ती अशी आई आहे. रात्री ती ओरडते ते कोणाचे मरण सांगायला नव्हे. घरट्याजवळ कुत्रे, मुंगूस किंवा माणूस आले, म्हणून ओरडते. गावाला फुकटचा राखणदार मिळाला असे समजा.

समुद्र अंडी घेऊन गेला म्हणून टिटवी त्याच्याशी भांडली, ही पंचतंत्रातली गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. आज तिचे भांडण समुद्राशी नाही, आपल्याशी आहे.

आणि नुकसान तिचे एकटीचे नाही. वाळू ही नदीची पाण्याची कोठी आहे. वाळूत पाणी मुरते आणि टिकते. वाळू गेली की नदीचे पात्र खोल जाते आणि काठच्या विहिरींचे पाणी खाली उतरते. उतरता काठ तुटून उभी दरड होते. गुरांना पाण्यावर जायला वाट राहत नाही. म्हणजे सुरयेचे घरटे गेले तर पुढे आपली विहीरही जाणार, असे समजावे. खूण एकच आहे.

मासे आणि पीक

आमच्या साक्षरता वर्गात एका मच्छीमार दादांनी विचारले, “गुरुजी, पाणकावळे आमचे मासे खातात. त्यांचे लाड कशाला?”

प्रश्न रास्त आहे. पक्षी मासे खातात, हे खरेच. जाळ्यात अडकलेला मासाही ओढतात. थंडीत कांड्या करकोचे हरभऱ्यात आणि ज्वारीत उतरतात. तेव्हा शेतकऱ्याचे थोडेफार नुकसान होते. हे नाकारून चालणार नाही.

पण वहीची दुसरी बाजूही पाहावी. पक्षी पिढ्यान्‌पिढ्या मासे खात आले आणि तरी नदीत मासे होते. मग मासे कमी झाले कशाने? शहरांची घाण नदीत आली. बारीक आसाचे जाळे आले. त्यात बोटाएवढी पिल्लेही निघाली. पावसाळ्यात गाभोळीचा मासा धरला गेला. जुन्या जाती गेल्या आणि उजनीत चिलापी माजली. यांतले एकही काम पक्ष्याने केलेले नाही. उलट पक्ष्यांच्या विष्ठेवर पाण्यातले बारीक जीव पोसतात आणि त्या जिवांवर मासोळी पोसते.

शेतातही तसेच आहे. नांगरामागे फिरणारा गाय बगळा काय वेचतो? किडे, अळ्या आणि टोळ. शराटीही अळ्याच काढते. त्यांनी मजुरी मागितली असती तर आपल्याला परवडली नसती.

आणि आता तर पक्ष्यांमुळे घरात रोख पैसाही येतो. भिगवण भागातले मच्छीमार थंडीत पाहुण्यांना नावेतून पक्षी दाखवतात. घरच्या बाया माशाचे जेवण रांधून घालतात. कोणता पक्षी कुठे आहे, हे त्यांना पुस्तकवाल्यांपेक्षा चांगले कळते. त्या ज्ञानाला आज मोल आले आहे.

मात्र दोन गोष्टी सांभाळाव्यात. फोटोसाठी नाव थव्यात घालून पक्षी उडवू नयेत. दोन-चार दिवस असे झाले की पक्षी जागा सोडतात आणि धंदाही जातो. दुसरे, नावेतल्या प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट हवेच. २०२४ च्या मे महिन्यात याच उजनीच्या पाण्यात वादळी वाऱ्याने नाव उलटली आणि सहा माणसे गेली.

कोकणातल्या वेळास गावाचेही असेच आहे. हे गाव रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात आहे. तिथे समुद्री कासवे रात्री वाळूत अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. पूर्वी ती माणसे, कुत्री आणि कोल्हे पळवत. २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने ती राखायला सुरुवात केली. कुंपण घातलेल्या वाळूत अंडी ठेवतात. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले निघतात आणि समुद्राकडे सोडली जातात. ते पाहायला लोक येतात आणि गावात घरोघर उतरतात. अंडे विकून एकदा पैसे मिळत. अंडे राखून दर वर्षी मिळतात.

पाहावे कसे?

दुर्बीण असली तर उत्तम. नसली तरी अडत नाही. एवढे करा.

१. पहाटे किंवा दिवस कलताना जा.

२. भडक कपडे नकोत. मातकट किंवा हिरवट बरे.

३. सूर्य पाठीशी ठेवून बसा. म्हणजे पक्ष्याचा रंग दिसतो.

४. पक्ष्याकडे सरळ चालत जाऊ नका. एका जागी पाव तास गप्प बसा. पक्षी आपणच जवळ येतात.

५. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली, तर घरटे जवळ आहे असे समजा. खाली पाहत, आल्या पावली मागे फिरा.

६. कुत्रे बरोबर नेऊ नका.

नवा पक्षी दिसला की मनाशी पाच प्रश्न विचारा. आकार केवढा? चिमणीएवढा, कबुतराएवढा की कोंबडीएवढा? चोच कशी? पाय केवढे आणि कोणत्या रंगाचे? करतो काय? आवाज कसा?

थवा मोजायचा तर एकेक मोजू नये. आधी दहा पक्षी मोजा. दहांनी किती जागा व्यापली ते ध्यानात घ्या. मग साऱ्या थव्यात अशा किती जागा बसतात ते पाहा. बारा बसल्या तर पक्षी सुमारे एकशे वीस.

एक वही घाला

तुम्ही आता लिहू-वाचू लागला आहात. सही करता आली एवढ्यावर थांबू नका. लिहिणे कामाला लावा. गावाच्या नदीची एक वही घाला. नमुना असा:

तारीख: १० जानेवारी. वेळ: सकाळी ७. जागा: घाटाखालची वाळू. पाणी: उतरलेले, गढूळ नाही. शेकाट्या १४. ढोकरी ३. टिटवी २. धोबी २. खंड्या १. शेरा: बेटाच्या पलीकडे वाळूची गाडी दिसली.

हे लिहायला पाच मिनिटे लागतात. पण दहा वर्षांनी ती वही म्हणजे गावाचा दस्तऐवज होईल. “पूर्वी पक्षी खूप होते” असे तोंडाने सांगितले, तर कोणी मानत नाही. तारीख आणि आकडा दाखवला की ऐकावे लागते. ग्रामसभेत वाळूचा प्रश्न निघेल, पाणी घाण झाल्याची तक्रार निघेल, तेव्हा ही वही पुढे ठेवता येईल.

१९८७ सालापासून दर वर्षी जानेवारीत आपल्या देशात पाणपक्ष्यांची मोजणी होते. हौशी माणसेच ती करतात. तुमच्या वहीतले आकडे तिच्यातही जाऊ शकतात.

या कामात आपल्या लोकांची मोठी परंपरा आहे. डॉ. सालिम अली हे मुंबईत १८९६ साली जन्मले. त्यांनी सारा देश पायी तुडवून पक्षी पाहिले आणि लिहून ठेवले. मारुती चितमपल्ली हे सोलापूरचे. वनखात्यात नोकरी करता करता त्यांनी आदिवासी, शिकारी, कोळी यांच्या तोंडून पक्ष्यांची मराठी नावे गोळा केली. चितमपल्ली २०२५ साली वारले. दोघांचे जन्मदिवस ५ आणि १२ नोव्हेंबर. म्हणून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. नावे गोळा करायला कोणाकडे गेले चितमपल्ली? तुमच्या-आमच्या आजोबांकडे. तुमच्या गावची नावेही वहीत लिहून ठेवा. ती माणसाबरोबर जातात.

कायदा आणि काळजी

रानपक्षी धरणे, मारणे, विकणे किंवा त्यांची अंडी नेणे हा गुन्हा आहे. त्यासाठी १९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. २०२२ साली तो आणखी कडक झाला. कैदेची आणि मोठ्या दंडाची शिक्षा होते. कोणी जाळी लावलेली किंवा विषारी दाणा टाकलेला दिसला, तर वनरक्षकाला कळवा. विष घातलेला पक्षी जो खातो, त्याच्याही पोटात ते विष जाते, हे विसरू नका.

एकाच जागी पुष्कळ पक्षी मेलेले दिसले, तर हात लावू नका. कोंबड्यांना तिकडे जाऊ देऊ नका. तो साथीचा रोग असू शकतो. गुरांच्या दवाखान्यात ताबडतोब कळवा.

बंधुभगिनींनो, पक्षी बोलत नाहीत, पण खबर देतात. उतरत्या काठावर पंगत बसलेली असली, तर पाण्यात जीव आहे, वाळू जागेवर आहे आणि विहिरीला आधार आहे. पंगत उठली, तर काहीतरी बिघडले आहे. ती खबर वेळेवर वाचता आली पाहिजे. अक्षरे वाचायला तुम्ही शिकलात. आता नदीही वाचा.

शब्दांचे अर्थ

निश्चल – न हलणारा

फुगवटा – धरणामुळे मागे पसरलेले पाणी

पाणथळ – जिथे उथळ पाणी साचून राहते ती जागा

कांदळवन – खाडीकाठचे तिवरांचे रान

गाभोळी – माशाच्या पोटातली अंडी

दस्तऐवज – पुरावा म्हणून उपयोगी पडणारा कागद

प्रश्न

१. एकाच काठावर अनेक जातींचे पक्षी भांडण न करता कसे जेवतात?

२. पाणलाव्याला चिखलातले गांडूळ कसे कळते?

३. टिटवी रात्री का ओरडते?

४. वाळू उपसल्याने पक्ष्यांचे आणि गावाचे कोणते नुकसान होते?

५. आज षष्ठी असेल तर भरती सुमारे किती वाजता येईल? हिशेब करून लिहा.

करून पाहा

येत्या रविवारी घरातल्या एका मुलाला बरोबर घ्या आणि नदीवर अर्धा तास बसा. दिसलेले पाच पक्षी वहीत लिहा. नाव ठाऊक नसेल तर चोच आणि पाय यांचे वर्णन लिहा. मग गावातल्या वडीलधाऱ्या माणसाला नाव विचारा.